दवंडी आणि दारावरची हाक

पूर्वी गावात काही कळवावयाचे असले म्हणजे दवंडी पिटीत असत. ती ज्याच्या कानी पडे त्याला बातमी कळे. मग ती त्याच्या उपयोगाची असो वा नसो. पुढे वर्तमानपत्रे आली. 1967 साली विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. साधने बदलली, तरी रीत दवंडीचीच राहिली. शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दाखल्याप्रमाणे काही बी वाटेवर पडे, काही खडकावर, आणि काहीच चांगल्या जमिनीत. खर्च मात्र साऱ्या बियांचा होई. म्हणून जाहिरात ही मोठ्या भांडवलवाल्यांचीच मिरास ठरली.

मोबाइलवरील चित्रफितीने ही रीत पालटली आहे. यूट्यूबसारख्या माध्यमावर आपली जाहिरात कोणत्या शहरात, कोणत्या भाषेच्या, वयाच्या व आवडीच्या माणसांस दाखवावी, हे जाहिरातदारास ठरविता येते. शिवाय 2010 पासून तेथे अशी सोय आहे, की नको असलेली जाहिरात पाहणाऱ्याने काही क्षणांत ओलांडून पुढे जावे. ती पुरेशी पाहिली गेली, तरच जाहिरातदारास पैसे पडावेत.

याचे मोल सौंसरच्या संत्रा बागाईतदाराच्या दृष्टीने पाहावे. सौंसर व पांढुर्णा या तहसिलींचा 2023 साली निराळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, आणि बागेत नागपुरी संत्रे. पुष्कळदा फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा व्यापाऱ्याशी होतो. पुढे ते संत्रे कोण खातो हे पिकविणाऱ्यास कळत नाही; ते कोणाच्या बागेतले हे खाणाऱ्यास कळत नाही. मधली वाट व्यापाऱ्याच्या हाती, म्हणून भावही बहुधा त्याच्याच हाती.

समजा, अशा एखाद्या बागाईतदाराने आंबिया बहाराच्या तोडणीची एक मिनिटाची चित्रफीत घेतली आणि ती नागपुरातील काही मराठी वस्त्यांपुरतीच दाखविली. त्याच्याजवळ तीनशे पेट्या असतील, तर त्याला तीनशेच घरे हवीत. तीन लाख प्रेक्षक घेऊन तो काय करणार? अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींनी 2020 साली नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने पाककृती दाखविण्यास आरंभ केला. बोलणे साध्या मराठीत, पदार्थ रोजच्या जेवणातले. साऱ्या जगास रिझविण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. म्हणूनच मराठी घरांनी त्यांना आपले मानले.

परंतु ज्या चाळणीने संत्र्याचे गिऱ्हाईक सापडते, तिनेच कर्जाने गांजलेला शेतकरी सापडतो, दुखण्याने हताश झालेला रोगीही सापडतो. सावकारी कर्ज वा भोंदू औषध विकणाऱ्यास ही नामी संधीच होय. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने 2023 साली केलेल्या कायद्यात, 18 वर्षांखालील मुलांना हेरून जाहिराती करण्यास मनाईची तरतूद आहे. मोठ्या माणसांना मात्र स्वतःच सावध राहावे लागेल.

दवंडी साऱ्या गावासमक्ष होत असे. ती खोटी निघाली तर चावडीवर जाब विचारता येई. दारावरची ही नवी हाक एकट्याच्याच कानी पडते. शेजाऱ्यास ती ऐकूच येत नाही, मग तिच्यातले खोटे खोडून काढणार कोण? म्हणून सौंसरच्या बागाईतदाराने फळ लहान निघाले तर लहान दाखवावे, सालीवर डाग असले तर तेही दाखवावेत. साक्षीदार नसताना खरे बोलणाऱ्याचे गिऱ्हाईक पुढल्या बहारालाही त्याचेच राहते, आणि लहान बागाईतदारास या साधनातून मिळण्याजोगे खरे भांडवल तेवढेच आहे.