लसण्या आणि दोन दिवे

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवात हिऱ्याविषयी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. परंतु माझ्या संग्रहात एकही हिरा नाही. गेली तीस वर्षे मी जे खडे जमवीत आलो, ते एकाच कुळातले आहेत. त्या खनिजाचे नाव क्रिसोबेरिल. नाव परके वाटले, तरी त्याचा एक प्रकार आपल्या घराघरांत ठाऊक आहे: नवरत्नांतला लसण्या, म्हणजेच वैडूर्य.

या छंदाचा आरंभ एका अंगठीतून झाला. माझे वडील सिकंदराबादेस रेल्वेत कारकून होते. केतूची पीडा टळावी म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी लसण्याची अंगठी करून घेतली. त्यासाठी दोन वर्षे सायकल घेणे लांबणीवर टाकले, असे आई सांगत असे. वडील गेल्यावर तिने ती अंगठी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “तुला दगडधोंड्यांचं वेड आहे ना, मग हा खरा आहे का तेवढं बघ.”

खडा कोंदणातून काढला आणि थेट या शाळेत आलो. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू तेव्हाही होता. आठवीत आपण सर्वांनी आर्किमिडीजचा नियम पाठ केला. तो मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो त्या दिवशी. खड्याचे हवेतले वजन भरले 1.06 ग्रॅम. केसाने बांधून पाण्यात टांगला, तेव्हा वजन 0.40 ग्रॅमने घटले. भागाकार केला, तर घनता आली 2.65. क्रिसोबेरिलची घनता 3.7 च्या आसपास असते. 2.65 ही स्फटिकाची, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीची. सरांनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता वजने पेटीत ठेवली.

स्फटिकातही मांजराच्या डोळ्यासारखी रेघ दिसू शकते, त्यामुळे फसगत सोपी. ही रेघ उमटते कशी? खड्याच्या पोटात अतिसूक्ष्म सुया किंवा पोकळ नळ्या एकाच दिशेने, एकमेकींना समांतर असतात. रेशमाच्या रिळावर उजेड पडला की धाग्यांना आडवी चकाकी धावते, तसाच हा प्रकार. म्हणून लसण्याला पैलू पाडत नाहीत. सुया तळाला समांतर राहतील अशा बेताने त्याला घुमटाचा आकार देतात. कारागिराचा बेत थोडा चुकला, तर डोळा एका बाजूला सरकतो आणि खड्याची किंमत उतरते. अस्सल लसण्याची रेघ बारीक व धारदार असते. एका बाजूने दिवा धरला, की खड्याचा अर्धा भाग मधासारखा आणि उरलेला अर्धा दुधासारखा दिसतो. दोन बाजूंनी दोन दिवे लावून खडा फिरवा, डोळा मिटतो आणि उघडतो. हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. अजून कंटाळा आलेला नाही.

आता रंगांकडे वळू. बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन एवढ्यांचेच हे खनिज बनलेले आहे. अगदी शुद्ध असेल तर ते रंगहीन असते, पण तसा खडा क्वचितच मिळतो. ॲल्युमिनियमच्या काही जागा लोहाने घेतल्या की पिवळा रंग येतो, आणि लोह वाढत जाते तसा तो हिरवट, मधाळ, तपकिरी होत जातो. माझ्या पहिल्या खणात अशा पिवळ्याच्याच एकोणीस छटा आहेत. घरचे विचारतात, “हे सगळे सारखेच तर आहेत!” खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी मांडले, की मग गप्प बसतात. टांझानियातला पुदिन्यासारखा हिरवा प्रकार व्हॅनेडियममुळे होतो. तो माझ्याकडे नाही.

लोहाऐवजी क्रोमियमचा अंश आला, की अलेक्झांड्राइट जन्माला येतो. 1830 च्या दशकात रशियातील उरल पर्वतात, पाचूच्या खाणींत तो सापडला आणि युवराज अलेक्झांडरचे नाव त्याला मिळाले. क्रोमियम आणि बेरिलियम यांची गाठ पडणे मुळातच दुर्मीळ. क्रोमियम असते ते पृथ्वीच्या खोल भागातून आलेल्या काळ्या-हिरव्या खडकांत, तर बेरिलियम ग्रॅनाइटच्या शेवटच्या द्रवातून गोठलेल्या शिरांत. अशी शीर त्या खडकात घुसली तर दोघांची भेट होते. त्यातही सिलिका मुबलक असेल तर पाचू होतो. ती कमी पडली तरच अलेक्झांड्राइट.

हा खडा उजेडातला पिवळा भाग गिळतो. हिरवा आणि तांबडा, दोन्ही बाहेर सोडतो. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा अंश भरपूर, म्हणून खडा हिरवा दिसतो. समईच्या किंवा जुन्या तारेच्या बल्बच्या उजेडात तांबडा अंश जास्त, म्हणून तोच खडा लाल होतो. अशा खड्याचा रंग कोणता, असे कोणी विचारले, तर आधी उजेड कोणता, हे विचारावे लागते. एलईडी दिव्याखाली तर दिव्यागणिक वेगळे उत्तर मिळते. (जाता जाता सांगतो, याच खनिजाच्या कृत्रिम स्फटिकांपासून लेझर बनवतात आणि तो आज केस काढण्याच्या दवाखान्यांत वापरला जातो.)

हे सारे ठाऊक असूनही मी फसलो. परगावच्या एका बाजारात, संध्याकाळी, एका महिन्याचा पगार देऊन मी अलेक्झांड्राइट म्हणून एक टपोरा खडा घेतला. दिव्याखाली जांभळा, दाराशी राखी-निळा. हिरवा रंग मला एकदाही दिसला नव्हता. पण बदल दिसला आणि मी भुललो. घरी घनता आली 4.0. व्हॅनेडियम घातलेला कृत्रिम कुरुविंद! असले खडे फार स्वस्तात तयार होतात. प्रयोगशाळेत वाढवलेला अलेक्झांड्राइट मात्र तराजूलाही चकवतो, कारण तो रासायनिकदृष्ट्या खराच असतो. तेथे रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला हाच आधार.

पालकांसाठी एक गोष्ट. हे खडे परदेशातच मिळतात असे नाही. आंध्रच्या विशाखापट्टणम भागात, ओडिशात, केरळात तिरुवनंतपुरमजवळ आणि छत्तीसगडात देवभोगजवळच्या सेंदमुडा गावी क्रिसोबेरिल सापडते. मात्र रात्रीत विनापरवाना खणलेला माल कितीही स्वस्त असो, मी घेत नाही. माझ्या खणात पावतीशिवायचा एकही खडा नाही. त्यामुळे संग्रह लहान राहिला आहे.

वडिलांच्या खड्याचे काय झाले, हे काही जणांनी मघाशी विचारले. आईला सांगायला मला चार महिने लागले. रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. अखेर एका रविवारी आकडे लिहिलेला कागदच तिच्यापुढे ठेवला. तिने तो नीट वाचला. म्हणाली, “म्हणजे सायकल घेतली असती तरी चाललं असतं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या पेटीत ठेव, पण त्याच्यावर खोटा असं लिहू नकोस. स्फटिक आहे ना? मग स्फटिक लिही.” तसेच लिहिले आहे.

पेटी मी आज सोबत आणली आहे. कार्यक्रमानंतर ती प्रयोगशाळेत, पश्चिमेच्या खिडकीजवळ मांडलेली असेल. पाच वाजेपर्यंत ऊन असते, तोवर अलेक्झांड्राइट हिरवा पाहून घ्यावा. नंतर पडदा ओढून बल्ब लावू. तारेचे बल्ब माझ्याकडे तीनच उरले आहेत आणि ते फार तापतात, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नये. पहिल्या खणाच्या डाव्या कोपऱ्यात दोन खडे शेजारी शेजारी आहेत, एक लसण्या आणि एक स्फटिक. भिंग तेथेच ठेवले आहे.