आईचा डोळा आणि तराजूचा काटा



मुलाचे वजन किती, असे विचारले तर बहुतेक आईबाप आकडा सांगत नाहीत. ‘चांगला गुटगुटीत आहे’ किंवा ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे सांगतात. बाळसे हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द. पण त्यानेच आपला डोळा फसवला आहे, असे आम्हांस वाटते. गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा आपण भरवतो. बेताच्या अंगाच्या, निरोगी मुलाला तेथे बक्षीस कोण देणार?

निसर्गाचा क्रम पाहा. जन्मतः सुमारे ३ किलोचे मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाचे होता होता तिप्पट भरते. म्हणजे पहिल्या वर्षी ६ किलोंची भर! दुसऱ्या वर्षी मात्र ती अडीच किलोंच्या आसपास, आणि पुढे वर्षाला सुमारे २ किलो. मूल चालू-धावू लागते, उंच होते, बाळसे झडते. पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत ते सडसडीतच दिसत जाते. वाढीचा वेग मंदावला म्हणजे भूकही बेताची होते. पण घरात हाकाटी सुरू होते, ‘पोर वाळले!’ मग वाटी घेऊन त्याच्या मागे धावणे आणि तोंड फिरवले तरी घास कोंबणे आलेच.

याच्या उलट चूकही होते, आणि ती अधिक घातक. डोळा शेजारच्या मुलाशी ताडून मापतो. सगळी आळीच किरकोळ असली, तर किरकोळ मूल ठीकच दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी शेकडा ३६ वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. उंचीच्या मानाने अधिक वजनाची शेकडा ४. पहिल्यांच्या घरी ‘आमचा बांधाच तसा’ असे समाधान मानले जाते. दुसऱ्यांच्या घरी ‘खात्यापित्या घरचे’ असे कौतुक होते.

बांध्याची ही सबब कितपत खरी? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची नवी प्रमाणे दिली. ती सहा देशांतील मुले मापून ठरवली. त्यांत दिल्लीची मुले होती. आईचे दूध, पुरेसा आहार व स्वच्छता लाभलेली ही मुले देशोदेशी जवळजवळ सारखीच उंच वाढली. मुला-मुलांत फरक राहणारच. पण हजारो मुले मागे पडतात ती केवळ वंशामुळे नव्हे.

मग करावे काय? अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मुलाचे वजन नियमाने करावे, उंची मापावी आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यावे. एका टिंबाने फारसे कळत नाही. टिंबे जोडून होणारी रेषा बोलते. ती आडवी पडली, खाली वळली किंवा एकाएकी वर उसळली, तर डॉक्टरांना दाखवावे. ती आपल्या वाटेने चढत असेल, तर शेजारणीच्या मुलाकडे पाहून जीव टांगणीला लावू नये.

वजन केले की दृष्ट लागते, असे म्हणणाऱ्या आजीबाई आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची माया खोटी नव्हे. त्यांना आमची एवढीच विनंती: नातवाच्या गालाला तीट अवश्य लावा, पण दुसरे टिंब त्या तक्त्यावरही पडू द्या.