तिसरें कुलूप



आजच्या माझ्या विषयाचें नांव ऐकतांच आपल्यापैकीं कांहीं जण रेडिओचा कान पिळतील अशी मला धास्ती आहे. ‘क्लाउडमधील आभासी यंत्रांचें चिपच्या साहाय्यानें संरक्षण’ हा तो विषय! मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक; सारा जन्म खडू-फळ्याच्या संगतींत गेला. संगणकशास्त्रावर अधिकारवाणीनें बोलण्याचा आव मी आणणार नाहीं. परंतु आपलीं बँकेचीं खातीं, दवाखान्यांतील तपासण्यांचे अहवाल आणि मुलाबाळांचे गुण आतां ज्या घरांत वस्तीस गेले आहेत, त्या घराचीं कुलपें कशीं आहेत हें विचारण्याचा हक्क केवळ विद्वानांनाच आहे असें थोडेंच आहे?

क्लाउड म्हणजे मेघ. पण हा मेघ आकाशांत नसून मोठमोठ्या इमारतींत असतो. तेथें रांगेनें मांडलेल्या संगणकांना सर्व्हर म्हणतात. अशा इमारती परदेशांत आहेत, तशा मुंबई-पुण्यांतहि आहेत. एका सर्व्हरवर अनेक भाडेकरू नांदतात. आणि गंमत अशी, कीं प्रत्येक बिऱ्हाडाला सगळा वाडा आपलाच वाटतो! ह्या भासमान संगणकाला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, असें नांव आहे. बिऱ्हाडांमधील भिंती राखणारा, कोणास किती जागा द्यावयाची हें ठरविणारा जो कारभारी प्रोग्रॅम, तो हायपरव्हायझर. ही कल्पना आजची नव्हे. आय. बी. एम. कंपनीनें व्ही. एम. ३७० ही अशी प्रणाली १९७२ सालींच जाहीर केली होती.

आतां ह्या कारभाऱ्याजवळ प्रत्येक खोलीची किल्ली असते, आणि खरी अडचण तेथेंच आहे. शेजारच्या बिऱ्हाडापासून भिंत रक्षण करील. पण कारभाऱ्यापासून कोण करणार? तो स्वतः सज्जन असला, तरी कोणी लबाडानें त्याच्या कमरेची किल्ली लांबविली तर काय?

माहितीच्या तीन अवस्था असतात. ती डिस्कवर निजलेली असते, तारेंतून प्रवास करीत असते, किंवा मेमरींत बसून काम करीत असते. पहिल्या दोन अवस्थांत तिला कूटलिपींत लिहून ठेवण्याची रीत चांगली रुळली आहे. तिसरीचें मात्र अवघड. हिशेब करावयाचा म्हणजे वही उघडावी लागते. आणि उघडी वही कारभाऱ्यासहि वाचतां येते. २००८ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं संगणकाची मेमरी थंड केली, तर वीज तोडल्यावरहि तींतील मजकूर कांहीं काळ टिकतो आणि वाचतां येतो. तेव्हां गरज होती ती ह्या तिसऱ्या कुलपाची.

अमेरिकेंतील ए. एम. डी. कंपनीनें २०१६ सालीं असें कुलूप जाहीर केलें, आणि २०१७ सालच्या एपिक नांवाच्या चिपमध्यें तें बसविलें. एस. ई. व्ही. हें त्याचें नांव. माहिती चिपमधून मेमरीकडे निघाली, कीं वाटेवरच तिचें कूटलिपींत रूपांतर होतें. परत आली, कीं चिपच्या आंत ती पुन्हां वाचनीय होते. प्रत्येक आभासी यंत्राची किल्ली निराळी. ती चिपमधील एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर घडवितो, व कारभाऱ्याच्या हातीं कधींच देत नाहीं. कारभाऱ्यानें मेमरींत डोकावलें, तर त्यास निरर्थक अक्षरें दिसावीं, ही त्यामागील योजना.

तरीहि कुलपाला फट राहिलीच. २०१८ सालीं जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं दाखविलें, कीं कारभाऱ्याला पानें वाचतां येत नसलीं, तरी त्यांची अदलाबदल करतां येते. बाहेरून एक पान मागावयाचें आणि त्या जागीं गुपचूप दुसरेंच सरकवावयाचें. मग बिचारें यंत्र आपलें गुपित स्वतःच वाचून दाखवितें! यावर उपाय म्हणून २०२१ सालच्या तिसऱ्या पिढीच्या एपिक चिपमध्यें कोणतें पान कोणाचें याची नोंदवही आली, आणि ती तपासण्याचें काम चिपनें स्वतःकडे घेतलें. इंटेल कंपनीनेंहि टी. डी. एक्स. नांवाची अशीच योजना २०२३ च्या जानेवारींत बाजारांत आलेल्या आपल्या झिऑन चिपमध्यें आणली.

परंतु आपण ज्या खोलींत सामान ठेवणार, तिला हेंच कुलूप आहे हें दुरून कसें कळावें? येथें मला माझ्या नोकरींतला एक प्रसंग आठवतो. शिष्यवृत्ति-परीक्षेचा केंद्रप्रमुख असतां प्रश्नपत्रिकांचें पाकीट फोडण्यापूर्वीं त्याची मोहोर शाबूत असल्याबद्दल मी दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेत असें. आमचा शिपाई अतिशय सचोटीचा माणूस. एकदां तो दुखावून म्हणाला, “गुरुजी, पाकीट मीं आणलें आहे, माझ्यावर विश्वास नाहीं काय?” मीं म्हटलें, “अरे, तुझ्यावर कोणी बालंट आणूं नये म्हणूनच ह्या सह्या.” पुढें एका वर्षीं प्रश्न फुटल्याची आवई उठली. चौकशी झाली, आणि त्या दोन बालसह्यांनींच त्याची अब्रू राखली. त्या दिवशीं तो माझ्याकडे पाहून नुसता हंसला.

चिपहि अशीच सही करते. यंत्र सुरू होतांना आंत कोणता प्रोग्रॅम भरला याचा ती जणूं अंगठा उठविते आणि त्या कागदावर आपली न पुसणारी सही करते. चिप बनविणाऱ्या कंपनीच्या दाखल्यावरून मालक ती पडताळतो, आणि मगच आपल्या माहितीची किल्ली आंत पाठवितो. ह्याचें नांव साक्षांकन.

मग काळजी संपली काय? नाहीं. २०२४ च्या डिसेंबरांत युरोपांतील संशोधकांनीं सुमारें १० डॉलरांच्या सामुग्रीनें मेमरीच्या पट्टीस आपल्या आकाराविषयीं खोटें बोलावयास लावलें आणि एपिकचें हें संरक्षण मोडून दाखविलें. त्यास ‘बॅडरॅम’ म्हणतात. कंपनीनें दुरुस्ती पुरविली. पण धडा राहिलाच. शिवाय, भाडेकरूचाच प्रोग्रॅम गळका असेल तर कुलूप काय करणार? आणि कारभाऱ्यानें वाड्याची वीजच तोडली, तर गुपित राहील, पण काम बंद पडेल.

विश्वास ह्या कुलपानें नाहींसा होत नाहीं. तो वाड्याच्या कारभाऱ्याकडून चिप घडविणाऱ्या कारागिराकडे जातो. तेव्हां आपला विश्वास नेमका कोणापाशीं ठेवला आहे, हें सुशिक्षित गृहस्थानें जाणून घ्यावें. आपल्या बँकेस, दवाखान्यास विचारावें : “आमची वही उघडी असतां ती कोणाकोणास वाचतां येते?” असें विचारण्यांत कोणाचाहि अपमान नाहीं. माझ्या शिपायाला तें कळलें होतें. प्रामाणिक माणसाला तपासणीचें भय नसतें. उलट तीच त्याची ढाल होते.