कायदा भाऊसाहेबांचा, ताबा कोणाचा?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंत्र्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडण्याच्या आपल्याकडे दोन रीती रूढ आहेत. समर्थक पदांची व उद्घाटनांची यादी वाचतात. विरोधक गटबाजीचे किस्से सांगतात. दोन्हींत एक प्रश्न राहून जातो. सत्ता हाती असताना या माणसाने जे केले, ते गावच्या कष्टकऱ्यापर्यंत कितपत पोचले, आणि पोचले नसेल तर वाटेत कोठे अडले? याच कसोटीवर आज मला नाशिक जिल्ह्याच्या एका मंत्र्याची कारकीर्द तपासावयाची आहे. ते मंत्री म्हणजे भाऊसाहेब हिरे.

भाऊसाहेबांचा जन्म १९०५ सालचा, मालेगाव तालुक्यातील निमगावचा. स्वातंत्र्यलढ्यातून ते पुढे आले आणि महाराष्ट्र काँग्रेसमध्ये ग्रामीण बहुजन समाजाचे प्रमुख नेते ठरले. १९५२ साली त्यांनी मालेगावात महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था स्थापिली. खेड्यातील मुलांना तिने शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, हे मतभेद असणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे.

त्याच १९५२ साली मुंबई राज्याच्या मुख्यमंत्रिपदासाठी महाराष्ट्रातून त्यांचे नाव पुढे होते. मोरारजी देसाई स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झालेले असूनही ते पद मोरारजींकडेच गेले. भाऊसाहेब महसूलमंत्री झाले. या खात्यातच त्यांच्या कारकिर्दीचे सर्वांत मोठे काम घडले. ते काम म्हणजे १९५६ चा कुळकायदा.

हा कायदा समजून घेण्यासाठी त्याच्या आधीचा १९४८ चा कायदा पाहावा लागतो. त्याने कुळांना संरक्षण दिले, खंडावर मर्यादा घातली. पण जमीन मालकाचीच राहिली. शिवाय कुळाने ‘खुशीने’ जमीन सोडली तर कायदा त्याच्यामागे उभा राहू शकत नव्हता. ही खुशी कशी होती, हे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखवून दिले. मालकांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी परत घेतल्या होत्या आणि त्यांतील पुष्कळशा राजीनाम्यांच्या मार्गाने गेल्या होत्या. ज्याच्याकडून बियाणे उसने घ्यावयाचे, मुलीच्या लग्नाला कर्ज काढावयाचे, त्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा न उठविण्याचे बळ एकट्या कुळात कोठून येणार?

१९५६ च्या दुरुस्तीने याच्या पुढचे पाऊल टाकले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत असेल, तो कायद्यानेच त्या जमिनीचा मानीव खरेदीदार झाला. कायम कुळाने खंडाच्या सहापट रक्कम द्यावयाची. इतर कुळांसाठी किंमत जमिनीच्या आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची आणि ती हप्त्यांनी फेडता यावयाची. मालकाने विकावयाचे की नाही, हा प्रश्नच कायद्याने काढून टाकला. हे क्रांतिकारक कलम होते. जमीनमालकांचे वजन असलेल्या काँग्रेस पक्षात राहून ते मंजूर करून घेणे सोपे नव्हते. भाऊसाहेबांना त्याचे श्रेय आपण हात आखडता न घेता दिले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात आज ज्या कुटुंबांच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनचे नाव आहे, त्यांतील कित्येकांचे नाव या कलमाने लागले.

मग कायदा अडला कोठे? प्रथम, तो मुदतींत अडला. मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असेल, तर त्याने १९५६ च्या अखेरपर्यंत नोटीस द्यावयाची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करावयाचा होता. म्हणजे कृषक दिनाच्या आदल्या दिवसापर्यंत मालकाला वाट मोकळी होती. निम्मी जमीन कुळाकडे राहावी अशी अट होती खरी. पण अट कुळाला माहीत असेल तरच तिचा उपयोग. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर खरेदी पुढे ढकलली गेली. यात काही न्यायही होता, कारण दोन एकरांवर जगणारी विधवा ही काही सावकार नव्हे. पण तो काळ संपल्यावर कुळाने ठरावीक मुदतीत लेखी कळवावयाचे होते. ज्याला हे कोणी सांगितले नाही, त्याचा हक्क गेला.

दुसरे, तो कचेरीत अडला. न्यायाधिकरणाची नोटीस आली आणि कुळ हजर राहिले नाही, किंवा जमीन घ्यावयाची नाही असे वदले, तर खरेदी निष्फळ ठरत असे. १९४८ च्या कायद्यात जी ‘खुशी’ होती, तीच आता गैरहजेरीच्या वेशात परत आली. कुळ कोण, हे पीकपाहणीच्या नोंदीवरून ठरावयाचे. ती नोंद तलाठ्याच्या हाती, आणि तलाठ्याची ऊठबस बहुधा मालकाच्या ओसरीवर.

तिसरे, तो सवलतींत अडला. धार्मिक व शैक्षणिक विश्वस्तसंस्थांच्या जमिनींना सूट मिळाली. ऊस व फळबागांसाठी उद्योगसंस्थांना खंडाने दिलेल्या जमिनीही मुख्य तरतुदींबाहेर राहिल्या. जेथे मालक सर्वांत बलवान, तेथे कायदा सर्वांत सौम्य झाला.

आता त्या काळाचे राजकारण पाहा. १९५५-५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने सारे राज्य पेटले होते. मुंबईत शंभरावर माणसे गोळीबारांत पडली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस झाले. भाऊसाहेबांचे मन मराठी राज्याच्या बाजूचे होते, परंतु ते काँग्रेसच्या चौकटीबाहेर पडले नाहीत. ऑक्टोबर १९५६ मध्ये द्वैभाषिकाचा नेता निवडण्याची वेळ आली, तेव्हा यशवंतराव चव्हाणांना ३३३ आणि भाऊसाहेबांना १११ मते पडली. पुढच्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर समितीच्या पाठिंब्याने दादासाहेब गायकवाड निवडून गेले.

म्हणजे कृषक दिन उजाडला तेव्हा कायद्याच्या कर्त्याचे पक्षातील स्थान ढळलेले होते. पण मुद्दा एका व्यक्तीच्या पराभवाचा नाही. ज्या कुळांसाठी कायदा झाला, त्यांची संघटना भाऊसाहेबांच्या पक्षात नव्हती. गावोगावचे काँग्रेस कार्यकर्ते पुष्कळदा स्वतःच मालक होते. अशा पक्षाच्या हातून आलेला कायदा दप्तरात कितीही चांगला असला, तरी गावात तो मालकाच्याच सोयीने वाचला जातो.

याच जिल्ह्याने या कायद्याची दुसरी मर्यादाही दाखविली. कायदा कुळाचा होता, भूमिहीनाचा नव्हता. ज्याच्या नावे खंडाचीसुद्धा जमीन नाही, त्या दलित शेतमजुराला कृषक दिनाने काहीही दिले नाही. दिंडोरी तालुक्यातील आंब्याचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली नाशिक व खानदेशात आणि १९६४ साली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो या रित्या जागेतून. भाऊसाहेबांनी कायदा केला, दादासाहेबांनी माणसे उभी केली. या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या, तर जिल्ह्याचा जमिनीचा नकाशा वेगळा दिसला असता.

१९६१ साली भाऊसाहेब निवर्तले. त्यांच्या घराण्यात पुढेही मंत्रिपदे आली. पण त्या कलमाच्या तोडीचे काम पुन्हा झाले नाही. उलट कुळाने मिळविलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येऊ नये, हे कलम ४३ चे बंधन २०१४ साली सैल झाले. प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून जमीन विकता येते. शेतकऱ्याला आपली जमीन विकण्याचे स्वातंत्र्य का नसावे, हा प्रश्न रास्त आहे. पण वाढत्या शहराच्या वेशीवर ते स्वातंत्र्य प्रथम कोणाच्या उपयोगी पडते, हेही विचारले पाहिजे.

मार्च २०१८ मध्ये याच नाशिकहून किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईस गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेली जमीन नावावर करा, हीच त्यांची मुख्य मागणी होती. कायदा होऊन बारा वर्षे झालेली होती. लेखी आश्वासन मिळाले, आणि तरीही २०१९ व २०२३ साली पुन्हा मोर्चे निघाले. कुळकायद्याचा अनुभव त्यांनी वेगळ्या कलमांखाली पुन्हा घेतला.

म्हणून साथींनो, भाऊसाहेबांच्या कारकिर्दीतून आपण घ्यावयाचा धडा साधा आहे. चांगला मंत्री मिळणे ही उपकारक गोष्ट आहे, पण पुरेशी नाही. आपल्या तालुक्यात कलम ३२ म ची किती प्रमाणपत्रे अद्याप फेरफारास लागलेली नाहीत, वनहक्काचे किती दावे पडून आहेत, किती विधवांची नावे वारसनोंदीतून गळली आहेत, याची गाववार यादी प्रत्येक शाखेने करावी. यादी घेऊन तहसील कचेरीत जावे, आणि एकट्याने जाऊ नये. कष्टकरी जमावाने कचेरीत उभा राहिला, तरच दप्तरातला कायदा बांधापर्यंत येईल.