आधी दगड दाखवा, मग व्याख्या



आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे : सूर्यमालेचा जन्म आपण विज्ञान शिक्षक मुंबईच्या उपनगरांतल्या मुलांना कसा शिकवतो?

बोरिवली असो की घाटकोपर, आपल्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. दिव्यांच्या उजेडात तो बुडाला आहे. मग परिवलन म्हणजे काय, परिभ्रमण म्हणजे काय, हे पाठ करायचे आणि गुण मिळवायचे, एवढेच खगोलशास्त्र उरते. शब्दांची वानवा आपल्याकडे नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीत विज्ञान लिहून ते दाखवून दिले. वानवा आहे ती शब्दामागची वस्तू दाखवण्याची.

आकाश झाकलेले असेल तर दगडापासून सुरुवात करावी. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल घ्या. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आणि खाली बेसॉल्टचे सुमारे ६१ मीटर उंच, सरळ उभे खांब. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला. सूर्यमालेचे वय मात्र जवळपास ४५६.७ कोटी वर्षे. हा आकडा आला कुठून, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते, आणि खरी गोडी तिथेच आहे. पृथ्वीचे पहिले कवच वितळले, झिजले, पुन्हा घडले. तिचा जन्मदाखला तिच्यापाशी उरलाच नाही. तो मिळाला अशनींत. १९६९ साली मेक्सिकोत आयेंदे गावाजवळ कोसळलेल्या अशनीत पांढरे कण होते. अशा कणांतल्या युरेनियमचे किती शिसे झाले, हे मोजून ते वय निघाले.

हे कण घडण्याआधी होता वायू आणि धुळीचा थंड, अवाढव्य मेघ. स्वतःच्या गुरुत्वाने तो आकसू लागला, आकसताना वेगाने फिरू लागला आणि त्याची चपटी तबकडी झाली. मध्यभागी सूर्य पेटला. आज सूर्यमालेचे ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्याच्यात आहे. जवळच्या उष्णतेत फक्त खडक आणि धातू टिकले, म्हणून पृथ्वी खडकाळ. दूर बर्फही टिकला, म्हणून गुरू एवढा वाढू शकला. धुळीचे खडे, खड्यांचे गोळे, गोळ्यांच्या टकरींतून ग्रह. उरलेसुरले ते लघुग्रह आणि धूमकेतू. टकरी अजून पुरत्या थांबलेल्या नाहीत : गिल्बर्ट हिलसारख्याच बेसॉल्टमध्ये बुलढाण्याच्या लोणारला पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर त्याची साक्ष आहे. आपल्या लोकलच्या रुळांतले लोखंडही सूर्याच्या आधीच्या ताऱ्यांत तयार झाले, हे मुलांना जरूर सांगा.

हा निव्वळ तर्क नव्हे. २०१४ साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी वृषभ तारकासमूहातल्या एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवती अशीच तबकडी टिपली. तिच्यातल्या गोल फटी ग्रह घडत असल्याच्या खुणा मानल्या जातात.

म्हणून माझी विनंती आहे. या वर्षी एक वर्ग गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी भरवा. हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास मुलांना वांगणीला न्या. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. आणि प्रश्नपत्रिकेत सूर्यमालेचे वय विचाराल, तेव्हा ते कशावरून ठरवले, हेही विचारा आणि त्या उत्तराला जास्त गुण द्या.