ब्रह्मकमळाचं चार महिन्यांचं वर्ष
(व्याख्यानमालेतील भाषण)

मंडळी, आपण इथे वैशाखाच्या उकाड्यात पंख्याखाली बसलो आहोत, आणि ज्या झाडाबद्दल मी बोलणार आहे ते या घटकेला बर्फाखाली आहे. गढवालात चार हजार मीटरच्या वर, हेमकुंडाच्या आसपास, बर्फ हटायला जून उजाडतो आणि ऑक्टोबरात ते पुन्हा पडू लागतं. ब्रह्मकमळाचं अख्खं वर्ष त्या मधल्या चार महिन्यांत उरकतं.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर शेवटी प्रश्न तेवढाच येईल. आपल्या गच्चीत ब्रह्मकमळ म्हणून जे रात्री फुलतं, ज्याच्यासाठी शेजारीपाजारी बोलावले जातात, ते निवडुंग आहे, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. सुंदर आहे, जरूर लावा. हिमालयातलं ब्रह्मकमळ शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. शास्त्रीय नाव सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा. उत्तराखंडचं राज्यपुष्प ते हे.

घांगरियाहून हेमकुंडाची चढण चढू लागलं की भूर्जाची झाडं खुजी होत जातात आणि एका टप्प्यावर संपतातच. पुढे गवत, मग ओले खडक. त्या खडकांच्या बेचक्यांत ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळ दिसतं. लांबून पाहिलं तर फिकट पिवळट-हिरव्या कागदाची पुडी कुणीतरी ठेवून गेल्यासारखं. वाकून आत डोकावलं की कळतं, ज्यांना आपण पाकळ्या समजत होतो त्या पाकळ्या नाहीतच, ती पानं आहेत. होडीच्या आकाराची, पातळ, उजेड आरपार जाऊ देणारी. खरी फुलं आत दाटीवाटीनं बसलेली, जांभळी, काळपट, बारीक. दिसायला तशी साधीच. वासाला मात्र चांगलीच उग्र.

हा सगळा पानांचा पसारा कशासाठी? ऊन आत येतं, वारा येत नाही, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते. शिवाय फुलण्याचे दिवस भर पावसाचे. परागकण भिजून वाहून जायला नकोत. याच्याच गोतातलं फेनकमळ आणखी उंचावर वाढतं. त्यानं पानांऐवजी लोकर पांघरली आहे, पांढरी, दाट. थंडी एकच, तोड मात्र दोघांची निराळी.

पण मला जास्त नवल वाटतं ते जमिनीखालच्या भागाचं. आपल्या कासच्या सड्यावर तेरडा, सोनकी ही मंडळी दरवर्षी बीपासून नव्यानं उगवतात, फुलतात, मरतात. पावसाळा त्यांना पुरतो. इतक्या उंचीवर हा हिशेब सहसा जमत नाही. बी रुजून, वाढून, फुलून पुन्हा बी धरेपर्यंत बर्फ येऊन ठेपतं. म्हणून तिथल्या बहुतेक वनस्पती बहुवर्षायू असतात. वरचं सगळं वाळून जातं आणि जाड मूळखोड शिल्लक टिकवून जमिनीत पडून राहतं. बर्फ वितळलं की कोंब त्या शिलकीवर निघतो.

मग फूल तोडलं तर बिघडलं कुठे, मूळ तर शाबूत आहे, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते पुढच्या पिढीचं. बी तयार व्हायच्या आत फूल गेलं की त्या वर्षी तिथे नवं रोप नाही. गढवाल-कुमाऊंच्या गावांत नंदाष्टमीच्या आधी ब्रह्मकमळाला हात लावायचा नाही, अशी जुनी रीत आहे. नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी, आपल्याकडे गौरी येतात त्याच सुमारास. नंदादेवीसुद्धा माहेरवाशीणच, तिची पाठवणी कैलासाला, सासरी. तिच्यासाठी फुलं आणायची, पण वेळेवर. तोवर आधी उमललेल्या फुलांना बी धरायला सवड मिळते. रीत घालणाऱ्यांच्या मनात बियांचा विचार होता का, ते सोडा. उपयोग झाला हे खरं.

ही रीत एका गावाच्या टोपलीपुरती होती, हेही सांगायला हवं. केदारनाथ-बदरीनाथला हे फूल वाहतात, आणि यात्रेकरू आता लाखांनी येतात. त्यांना पुरेल इतकं ब्रह्मकमळ कुठल्याच डोंगरावर नाही. तुम्ही हेमकुंडाला गेलात तर ऑगस्टच्या उत्तरार्धात जा आणि पायऱ्यांच्या कडेच्या खडकांत बघत चढा. देवाला वाहायचंच असेल तर झेंडू न्या. तोही याच कुळातला आहे.