विमान टेकलं, हे कुणी ठरवायचं?



आज तुमच्यापैकी बरेच जण विमानाने आला आहात. पंखाजवळची खिडकी मिळाली असेल, तर चाकं टेकताच पंखावरच्या फळ्या ताडकन उभ्या राहताना दिसल्या असतील. त्या फळ्या म्हणजे स्पॉयलर.

त्या फक्त वारा अडवतात, असा समज आहे. ते दुय्यम काम. टेकल्यावरही वेग इतका असतो, की पंख विमानाला उचलूनच धरत असतात. मग चाकांवर पुरेसं वजन येत नाही, आणि वजनाशिवाय घर्षण नाही, हे तर सरांनी फळ्यावरच शिकवलं होतं! स्पॉयलर उभे राहिले की पंखावरून वाहणारी हवा विस्कटते, उचल जाते, भार चाकांवर येतो. तेव्हा कुठे ब्रेक धरतात. (हवेतही याच फळ्या थोड्या उचलून विमान खाली आणता येतं, एकाच बाजूच्या उचलून वळवता येतं.)

मी बँकांचं सॉफ्टवेअर लिहिते, विमानांचं नाही. पण १४ सप्टेंबर १९९३ चा वॉर्सॉचा अपघात माझी पाठ सोडत नाही. लुफ्थान्साचं एअरबस ए-३२० पावसात उतरत होतं. बाजूने वारा येईल म्हणून वैमानिकांनी ते उजवीकडे किंचित कलतं ठेवलं होतं. प्रत्यक्षात वारा मागून आला. उजवी चाकं आधी टेकली, डावी तब्बल ९ सेकंदांनी. स्पॉयलर उघडायला संगणकाच्या अटी दोन: दोन्ही बाजूंच्या पायांवर ठरावीक भार, किंवा चाकं ताशी सुमारे १३३ किलोमीटर वेगाने फिरणं. उजवी चाकं पाण्यावरून नुसती घसरत होती, डावी अधांतरी. संगणकाच्या हिशेबी विमान हवेतच होतं! वैमानिकांना हाताने स्पॉयलर उघडायची सोय नव्हती. अर्ध्याहून अधिक धावपट्टी मागे पडल्यावर ते उघडले. विमान पुढच्या मातीच्या बांधावर आदळलं. दोघे गेले. प्रोग्राम मात्र लिहून दिल्याबरहुकूम चालला होता.

टीममध्ये नवी मुलं आली, की मी त्यांना ह्या अटी पुन्हा लिहायला लावते. हुशार मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, अट काढूनच टाका. वैमानिकाला हँडल ओढू द्या."

मग मी त्यांना ५ जुलै १९७०, टोरांटो सांगते. एअर कॅनडाचं डीसी-८ जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर होतं, आणि सहवैमानिकाने स्पॉयलरचं हँडल ओढलं. त्या विमानात अडवणारी अट नव्हती. १०९ माणसं होती. एकही वाचलं नाही.